सातवीतल्या मुलांची वजाबाकी आणि भागाकार कच्चा आहे. सुरुवात नेमकी कुठून करावी?

शिक्षिका_घणसोली:

सर्वांना नमस्कार. मी घणसोली परिसरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते. सातवीला परिमेय संख्या सुरू करण्यापूर्वी मुलांची तयारी पाहावी म्हणून मी दहा साध्या उदाहरणांची एक चाचणी घेतली. त्या उत्तरपत्रिका तपासल्यापासून पुढचा पाठ शिकवायला माझे मनच धजत नाही.

५०३ मधून २६७ वजा करा, या उदाहरणाचे उत्तर कितीतरी मुलांनी ३६४ असे लिहिले. ६१८ भागिले ६ याचे उत्तर १३ आले. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश झाली. ०.३५ आणि ०.८ यांपैकी मोठी संख्या ०.३५, कारण ‘पस्तीस आठापेक्षा मोठे असतात’. आठ वाजून चाळीस मिनिटांनी घरातून निघालेला मुलगा सव्वानऊला शाळेत पोहोचला, तर त्याला किती वेळ लागला, या प्रश्नाला पंचाहत्तर मिनिटे असे उत्तर देणारी मुले रोज स्वतः घड्याळ पाहून घरातून निघतात.

ही मुले मंद नाहीत. आज सातवीत असलेल्या मुलांची दुसरी आणि तिसरी २०२० आणि २०२१ या वर्षांत, शाळा बंद असताना, बहुतांशी घरातल्या एकुलत्या मोबाइलवर झाली. दशक सुटा करून वजाबाकी आणि भागाकाराची पहिली ओळख नेमकी त्याच इयत्तांमध्ये होते. पायाभूत वाचन आणि अंकज्ञानासाठीचे केंद्र सरकारचे ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये सुरू झाले खरे, पण त्याचे लक्ष्य तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. माझी मुले त्या वयाच्या पुढे निघून गेली आहेत. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत, २०२४ मध्ये, ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले, हे मी वाचले होते. ती पाहणी ग्रामीण भागाची आहे, आपल्या शहरांची नाही. तरीही माझ्या वर्गातले चित्र फार निराळे नाही.

अभ्यासक्रम थांबवणे माझ्या हातात नाही. पण मुख्याध्यापकांनी आठवड्यातून चार दिवस पस्तीस मिनिटांचा शून्य तास मला देऊ केला आहे. त्यात सुरुवात पाढ्यांपासून करावी की स्थानिक किमतीपासून? आणि मला सर्वांत जास्त सतावणारा प्रश्न असा की, तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात तिसरीचे उदाहरण ठेवताना त्याचा अपमान होऊ नये, यासाठी काय करावे? गेल्या आठवड्यात एका मुलीने तो कागद दप्तराखाली लपवला, कारण शेजारच्या वर्गातील मैत्रीण दारात उभी होती.

---

निवृत्त_नौपाडा:

ताई, आपण चुकीची उत्तरे जशीच्या तशी लिहिलीत, हे फार चांगले केलेत, कारण औषध त्या उत्तरांतच दडलेले आहे. मी ठाण्यात तीस वर्षे गणित शिकवले आणि त्यातली पहिली दहा वर्षे चुकीच्या उत्तरावर लाल फुली मारण्यात घालवली, याचे मला आजही वाईट वाटते.

५०३ वजा २६७ बरोबर ३६४ हे उत्तर निष्काळजीपणातून आलेले नाही. मुलाने प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : पाचातून दोन गेले तीन, सहातून शून्य गेले सहा, सातातून तीन गेले चार. कोणता अंक वर आहे आणि कोणता खाली, याला त्याच्या लेखी महत्त्वच नाही. म्हणजे त्याच्याजवळ एक नियम आहे, तो चुकीचा आहे, आणि तो अत्यंत प्रामाणिकपणे पाळतो आहे. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये हेच दाखवले होते की, मुलांच्या वजाबाकीतील पुष्कळ चुका ठरावीक नियमाने होतात आणि पुढच्या उदाहरणात मूल काय चुकेल, हेही आधी सांगता येते. अशा मुलाला आणखी पन्नास वजाबाक्या दिल्या, तर तो आपला चुकीचा नियम पन्नास वेळा घोटून पक्का करील.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, शून्य तासाचे पहिले दोन आठवडे काहीही शिकवू नका. रोज तीन-चार मुलांना जवळ बसवा, एक उदाहरण द्या आणि ‘मोठ्याने बोलत सोडव, मी फक्त ऐकते’ एवढेच सांगा. मध्ये दुरुस्त करण्याचा मोह आवरणे कठीण जाते, पण तो आवरावा. त्या बोलण्यात आपल्याला असे काही ऐकू येईल की जे उत्तरपत्रिकेत कधीच दिसत नाही.

एक उदाहरण सांगतो. आमच्या पिढीने वजाबाकी अशी शिकली : तीनातून सात जात नाहीत, तेरातून सात गेले सहा, हातचा एक, सहा आणि एक सात, दहातून सात गेले तीन, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन, उत्तर २३६. यात हातचा खालच्या अंकात मिळवला जातो. आज शाळेत वरचा दशक सुटा करायला शिकवतात, म्हणजे वरचा अंक एकने कमी होतो. घरी आजोबा एक पद्धत सांगतात आणि शाळेत बाई दुसरी. मूल दोन्ही एकत्र करून वरचा अंक कमीही करते आणि खालचा वाढवतेही. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्यांच्या मिश्रणातून निघणारे उत्तर दर वेळी चुकते. हे मला एका मुलीच्या शेजारी बसून ऐकल्यानंतर कळले, त्याआधी वर्षभर तिची वही तपासूनही कळले नव्हते.

सुरुवात स्थानिक किमतीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी खेळातल्या शंभर, दहा आणि एक रुपयाच्या नोटांइतके दुसरे चांगले साधन नाही. ५०३ म्हणजे शंभराच्या पाच नोटा, दहाची एकही नाही आणि एकच्या तीन. सात सुटे रुपये द्यायचे आहेत, पण हातात तीनच आहेत. दहाची नोट मोडावी तर ती नाही. म्हणून आधी शंभराची मोडावी लागते, त्या दहा नोटांपैकी एक पुन्हा मोडावी लागते, आणि हातात शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि एकच्या तेरा नोटा येतात. हे हाताने केल्यावर मग कागदावरचे ‘४, ९, १३’ हे अंक आभाळातून पडल्यासारखे वाटत नाहीत. ६१८ भागिले ६ मधले हरवलेले शून्यही इथेच सापडेल.

दप्तराखाली कागद लपवणाऱ्या मुलीबद्दल : उदाहरणाच्या कागदावर इयत्ता कधीच लिहू नये. आणि गट सहावी-सातवी-आठवीची मुले एकत्र करून, कुणाची गाडी कुठे अडली आहे त्यानुसार करावेत, म्हणजे आठवीचा मुलगाही शेजारी असल्याने सातवीच्या मुलीला कमीपणा वाटत नाही. इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवून शिकवण्याची ही पद्धत शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने पुष्कळ ठिकाणी वापरली आहे, आणि मुलांना त्यांच्या पातळीवर जाऊन शिकवण्याचा उपयोग होतो हे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. त्यांतला एक सुरुवातीचा अभ्यास मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांतच झाला होता.

---

पालक_कोपरी:

सरांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण पाढ्यांचा विषय त्यांनी बाजूला ठेवला, याच्याशी मी सहमत नाही. माझा व्यवसाय हिशेबाचा आहे आणि माझी मुलगी आठवीत आहे. तिला स्थानिक किंमत उत्तम समजते. नोटा, मणी, गठ्ठे, सगळे करून झाले आहे. तरीही ५६ छेद ७२ हा अपूर्णांक सोप्या रूपात लिहायला सांगितला की ती थांबते, कारण दोन्ही संख्या आठाच्या पाढ्यातल्या आहेत, हे तिला दिसतच नाही. ज्याला पाढे येतात, त्याला सात छेद नऊ समोर दिसते; ज्याला येत नाहीत, तो आधी दोनाने भागतो, पुन्हा दोनाने, पुन्हा दोनाने, आणि तिसऱ्या पायरीपर्यंत मूळ प्रश्न काय होता, हेच विसरतो. लसावि, मसावि, समच्छेद, विभाज्यता, सगळीकडे हाच अडथळा येतो.

तीसपर्यंतचे पाढे आणि पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण आणि साडेतीनचे पाढे, पाठ असलेली पिढी आता परत आणता येणार नाही, आणि तसा माझा आग्रहही नाही. पण ‘पाढे’ हा शब्द ऐकून मुले जेवढी घाबरतात, तेवढे ते काम प्रत्यक्षात मोठे नाही, हे त्यांना मोजून दाखवावे. दोन ते नऊच्या पाढ्यांत, एकाने गुणणे सोडले तर, नऊपर्यंतचे चौसष्ट गुणाकार असतात. सात अठ्ठे आणि आठ साते एकच, हे लक्षात घेतले की छत्तीस उरतात. दोन आणि पाचचा पाढा बहुतेकांना येतोच. तो वगळला की फक्त एकवीस उरतात. त्यांतले तीन त्रिक नऊ, तीन चोक बारा असे सोपे काढले, तर खरोखर छळणारे गुणाकार दहा-बारा असतात : सहा साते, सहा अठ्ठे, सात साते, सात अठ्ठे, सात नव्वे, आठ नव्वे आणि त्यांचे सोबती. मी मुलीला तिच्या अडलेल्या गुणाकारांची अकरा कार्डे करून दिली. आज विचारलेले कार्ड परवा, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचे, एवढाच नियम ठेवला आणि रोज पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ कधी घेतला नाही.

आठवले नाही तर काढता आले पाहिजे, हेही मी तिला शिकवले. सात चोक अठ्ठावीस येत असेल, तर त्याची दुप्पट म्हणजे सात अठ्ठे छप्पन्न. असे दोन-चार वेळा काढले की ते आपोआप पाठ होते आणि मग विसरण्याची भीतीही राहत नाही.

---

निवृत्त_नौपाडा:

आपले म्हणणे मान्य आहे. पाढ्यांना माझा विरोध नव्हता, फक्त क्रम वेगळा सांगायचा होता. एकवीस गुणाकारांचा हिशेब मी स्वतः कधी असा मांडला नव्हता आणि तो मुलांसमोर मांडण्याजोगा आहे. ताईंना एवढेच सांगेन की, पाढ्यांची स्पर्धा घड्याळ लावून घेऊ नये. ज्याला येते त्याला त्यात मौज वाटते, पण ज्याचे बोलणे अडते ते मूल पुढच्या वेळी आजारी पडते. वेग सरावाने येतोच.

---

आई_नेरूळ:

माझा मुलगा सहावीत, सेमी इंग्रजी वर्गात आहे. या चर्चेत भाषेचा मुद्दा अजून आलेला नाही आणि नवी मुंबईत तो टाळता येण्यासारखा नाही. माझ्या मुलाने पाचवीपर्यंत ‘इनटू’ म्हणजे गुणिले, असेच ऐकले होते. वर्गात सगळेच ‘थ्री इनटू सिक्स’ म्हणतात. मग प्रश्न आला, ‘डिव्हाइड ट्वेल्व्ह इनटू थ्री ईक्वल पार्ट्स’, आणि त्याने निमूटपणे बारा गुणिले तीन करून छत्तीस लिहिले. त्याचे गणित पक्के होते, चूक एका शब्दाची होती. मी तोच प्रश्न मराठीत विचारला, ‘बारा वस्तूंचे तीन सारखे भाग कर’, तेव्हा त्याला कागदही लागला नाही.

दुसरी गोष्ट मराठी संख्यानामांची. दिघा, रबाळे, तुर्भे या भागांतल्या शाळांत अनेक मुलांच्या घरी हिंदी, भोजपुरी, कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते. चौऱ्याहत्तर म्हटल्यावर चार आधी ऐकू येतात आणि सत्तर नंतर, पण लिहिताना सात आधी लिहायचे असतात. एकोणसत्तरमध्ये तर सत्तरचा उच्चार होतो, पण संख्येत सातचा अंकच नसतो. एकोणीस ते एकोणनव्वद हीच रीत चालते आणि नव्व्याण्णवला येऊन तीही मोडते. आपल्याला लहानपणापासून सवय असल्याने यातली अडचण जाणवत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस ही संख्या ‘वीस एक’ अशीही वाचावी, असे आले तेव्हा केवढा वाद झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तेव्हा जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची ही अडचणच पुढे मांडली होती. मला स्वतःला आपली जुनी संख्यानामे जिवापाड प्रिय आहेत आणि ती जाऊ नयेत असेच वाटते. पण अडणाऱ्या मुलाला चार दिवस ‘सत्तर आणि चार’ म्हणू दिले, तर भाषेचे काहीही बिघडत नाही.

तेव्हा बाईंना माझी विनंती अशी की, तोंडी विचारलेल्या आणि फळ्यावर लिहिलेल्या उदाहरणांची उत्तरे वेगवेगळी नोंदवा. एखादे मूल ऐकताना चुकते की करताना, हे त्यातून समजेल.

---

बाजार_तुर्भे:

मी वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत, कांदा-बटाटा बाजारात काम करतो. गणिताचा शिक्षक नाही, त्यामुळे लिहावे की नाही असा विचार करत होतो, पण सव्वानऊ आणि पंचाहत्तर मिनिटांचे वाचून लिहावेसे वाटले.

माझ्या ओळखीचा एक मुलगा शाळा सुटल्यावर आपल्या मावशीच्या भाजीच्या गाड्यावर मदत करतो. चौतीस रुपये किलोचा बटाटा कुणी पाऊण किलो मागितला, तर तो वजन काट्यावरून उतरायच्या आत साडेपंचवीस रुपये सांगतो. कसे काढलेस विचारले तर म्हणतो, ‘अर्ध्याचे सतरा, पावाचे साडेआठ.’ त्याच मुलाला मी एकदा कागदावर ३४ गुणिले ०.७५ लिहून दिले. त्याने दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिले, २५५ लिहिले आणि त्या उत्तराकडे पाहून त्याला काहीच खटकले नाही. चौतीस रुपयांच्या मालाचे दोनशे पंचावन्न रुपये कुणी मागितले असते, तर त्याने गिऱ्हाइकाच्या बाजूने भांडण केले असते.

पुढे माझ्या वाचनात आले की, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असाच एक मोठा अभ्यास झाला असून तो २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. बाजारात अवघड हिशेब तोंडी करणारी मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या उदाहरणांत अडतात. आणि शाळेत उत्तम गणित करणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जड जातो. एका बाजूचे ज्ञान दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही. मला वाटते, तो पूल शिक्षकालाच बांधावा लागतो, आणि बांधण्याची जागा तोंड आणि वही यांच्यामध्ये आहे. मुलगा तोंडाने जे बोलला, तेच त्याला लिहायला सांगावे : ३४ चे निम्मे १७, त्याचे निम्मे ८.५०, दोन्हींची बेरीज २५.५०. नंतर शेजारी ३४ गुणिले ०.७५ मांडून दोन्ही एकच आहेत, हे दाखवावे. आणि कोणतेही उदाहरण सोडवण्याआधी ‘अंदाजे किती येईल?’ हे विचारण्याची सवय लावावी. बाजारात आम्ही आधी अंदाज करतो आणि मग हिशेब.

वजाबाकीसाठीही बाजाराची रीत उपयोगी पडेल. दोनशे सदुसष्ट रुपयांच्या मालाला कुणी पाचशे तीन रुपये दिले, तर आम्ही वजाबाकी करत नाही, वर चढत जातो : तेहतीस मिळवले की तीनशे, आणि वर दोनशे तीन; म्हणजे परत द्यायचे दोनशे छत्तीस. घड्याळाचेही तसेच : आठ चाळीसपासून नऊपर्यंत वीस, वर पंधरा, एकूण पस्तीस मिनिटे.

---

शिक्षिका_घणसोली:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मुद्दामच लगेच उत्तर दिले नाही. सहा आठवडे करून पाहावे आणि मगच लिहावे, असे ठरवले होते.

पहिले दोन आठवडे सरांनी सांगितल्याप्रमाणे केवळ ऐकले. घरची आणि शाळेची पद्धत एकत्र करणारी तीन मुले सापडली. तिघांनाही त्यांच्या घरची हातच्याची पद्धतच पूर्ण करून दिली आणि त्यांचा गुंता चार दिवसांत सुटला. तोंडी विचारल्यावर संख्याच चुकीची लिहिणारी पाच मुले निघाली; त्यांना मी आजवर वजाबाकीत कच्ची समजत होते, याची मला लाज वाटली. त्यानंतर तिन्ही इयत्तांचे मिळून तीन गट केले आणि कागदांवरून इयत्ता काढून टाकली. कार्डांचा प्रयोग सर्वांत सहज रुजला, कारण प्रत्येक मुलाची कार्डे त्याची स्वतःची असतात आणि कुणाची किती आहेत, हे दुसऱ्याला कळत नाही. कागद लपवणाऱ्या मुलीकडे सुरुवातीला चौदा कार्डे होती, आता चार उरली आहेत.

जे जमले नाही, तेही लिहिते. वर चढत जाण्याची रीत पैशांना आणि घड्याळाला मुलांनी लगेच उचलली, पण मोठ्या संख्यांना ती वापरताना मधले टप्पे मिळवायचे विसरतात. तिथे मी पुन्हा नोटांकडे वळले. आणि अंदाज विचारला की काही मुले आधी गुपचूप उत्तर काढतात आणि मग तेच थोडे बदलून अंदाज म्हणून सांगतात. यावर आता अंदाज सांगण्याच्या वेळी पेन्सिली बाकावर ठेवायच्या, असा नियम केला आहे.

काल आठवीच्या एका मुलाने ६१८ भागिले ६ फळ्यावर सोडवले. सहावीच्या एका मुलाने त्याला विचारले की, मधले शून्य कुठून आले. त्याने फळ्याकडे न पाहता सांगितले, ‘शंभराच्या सहा नोटा सहा जणांना एकेक दिल्या. दहाची एकच होती, ती कुणालाच देता आली नाही, म्हणून तिथे शून्य. मग ती मोडली, सुटे अठरा झाले, तीन-तीन दिले.’ मी काही बोलले नाही; सहावीच्या मुलाने तेवढ्यात ८१६ भागिले ८ मांडायला घेतले होते.

सोमवारपासून पहिल्या गटाला अपूर्णांकांची बेरीज सुरू करते आहे. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश कशी असू शकत नाही, हे नियम न सांगता, दोन पंचमांश हे एक द्वितीयांशाहूनही कमी आहेत असे दाखवून पटवावे, असा विचार आहे. भाकरीचे तुकडे करण्यापेक्षा कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या बऱ्या पडतील, असे वाटते, कारण त्या शेजारी ठेवून मोजता येतात. कुणी हे आधी केले असेल, तर पट्टी किती सेंटिमीटरची घेतलीत, ते कृपया कळवावे. मी तीस सेंटिमीटरची घेणार आहे, म्हणजे दोन, तीन, पाच आणि सहा या सर्वांनी ती नीट विभागली जाईल.

---

निवृत्त_नौपाडा:

तीसच घ्यावी. निम्मी पंधरा, तिसरा भाग दहा, दोन्ही टोकाला टोक लावून पंचवीस. आणि दोन पंचमांश बारा सेंटिमीटर, म्हणजे नुसत्या निम्म्या पट्टीपेक्षाही आखूड. पंचवीस म्हणजे त्या पट्टीचे पाच सहाव्या भागांचे तुकडे, हे मुलांना स्वतः मोजून शोधू द्यावे. समच्छेद हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिहावा.